वोलुओत राहिलेलं नाव

प्रिय लियानफेन,

हे पत्र लिहायला बसून तीनदा उठलो. एकदा रेड्याला पाणी दाखवलं, एकदा धड असलेलं कुंपण उगाच हलवून पाहिलं. तुझी आई म्हणाली, बूड टेकत नाही का तुमचं? खरंच टेकत नाही.

नवं घर उभं राहिलं. ओसरी भाताच्या खाचरांकडे केली, तू लहानपणी हट्ट धरायचीस तशीच. पण आम्ही अजून गोठ्याशेजारच्या जुन्या खोलीतच आहोत. घरभरणीचा वोलुओ गाऊन-नाचून पुरा झाल्याशिवाय नव्या चुलीत विस्तव घालायचा नाही, आणि नाच अर्ध्यावरच राहिलाय. तो माझ्यामुळे राहिला.

त्याआधी हुसाच्या लोहारवस्तीतला एक कोयतेविक्या दारात आला होता. तुझ्या नवऱ्याच्या आळीतला निघाला. कोयत्याची धार दाखवता दाखवता सहज म्हणाला, तुमची नात चार वर्षांची झाली, ऐरणीभोवती वोलुओची पावलं टाकत फिरते, आई शिकवते तिला. मी कोयता न घेताच त्याला वाटेला लावला. तेव्हापासून पायांत भिंगरी आहे.

तुला आठवतंय, मी काय काय बोललो होतो? लोहारांना वोलुओ येत नाही, ते ढोल बडवतात आणि हातावर शेवया घेऊन खातात, त्यांच्यात पोरगी देणार नाही. तू तरी त्या लोहाराबरोबर गेलीस. महिन्याने निरोप आला, लग्नात वोलुओ म्हणायला बाबांनी यावं. मी सांगून पाठवलं, घसा बसलाय. त्याच संध्याकाळी मी शेजारच्या गावात दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात तीन तास गायलो. हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल. मीच सांगतो.

तर परवाचं. मधे मेज, त्यावर तांदळाची दारू, भोवती सगळं गाव. तुझ्या आईने लग्न झालेल्या बायकांचं काळं उंच पागोटं बांधलं होतं. मी पुढे. सुरुवात नेहमीची: आदिपुरुष झेपामाने आभाळ विणलं, आदिमाता झेमिमाने जमीन विणली, जमीन आभाळाहून मोठी झाली, मग तिने धागे ओढले, सुरकुत्या पडल्या, त्याच आपल्या डोंगररांगा. पावलं छान पडत होती. मग घरातल्या माणसांची नावं आली. एकेक नाव घ्यायचं, ज्याचं त्याने ओ द्यायची. तुझ्या आईचं घेतलं, तुझ्या भावाचं घेतलं, आणि सात वर्षांच्या सवयीने तुझं नाव गाळून पुढे सरकलो. तोंड सरकलं, पाय नाही सरकला. उजवा पाय उचललेला तसाच राहिला. पुढच्याने थांबायचं नसतं गं. मागची सगळी एकमेकांवर आपटली, मेज कलंडलं, दारू नव्या जमिनीवर सांडली.

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या छाओकाकूंनी पदराने जमीन पुसता पुसता म्हटलं, "तुझ्या पायाला कळलं रे. तोंडाला कधी कळायचं?" आणि सगळे आपापल्या घरी गेले.

तुझ्या आईने पेटी उघडून तुझ्या लग्नासाठी विणलेलं पागोटं उन्हात टाकलं. सात वर्षं ते घडीत होतं, हे मला माहीतच नव्हतं. मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. पोरी, मी चुकलो. बाप होतो म्हणून बरोबर होतो असं नाही.

आता का लिहितोय ते. पौर्णिमेला पुन्हा नाच ठेवलाय. तुझ्या नवऱ्यालाही आण. त्याला पावलं येत नसतील तर त्याचा ढोल आणू दे, मी त्याच्या ठेक्यावर पाय टाकीन. आधी तुझ्या लग्नाचा राहिलेला वोलुओ होईल, मग घराचा. नातीचं नाव काय ठेवलंयस ते उलट निरोपाने कळव, मला गाण्यात बसवायचंय. तू आली नाहीस तर हे घर असंच बिनविस्तवाचं राहील, मी दुसऱ्या कुणाला इथे वोलुओ म्हणू देणार नाही. तुझं नाव मी सगळ्या गावापुढे घेईन, घसा फाटेपर्यंत घेईन. पण ओ द्यायला तू हवीस.

तुझाच,
बाबा