रस्टीची हद्द, आईंची पोळी

३ ऑगस्ट, रविवार

रस्टी आज पुन्हा हायवेवर. नगरपालिकेच्या, मोकाट कुत्री धरणाऱ्या रेंजरबाईंनी गाडीतून आणून सोडला. मागच्या सीटवर हा पाहुण्यासारखा बसलेला. बाई सौम्यपणे म्हणाल्या, पुढच्या खेपेला कदाचित आणून देण्यासारखं काही उरणार नाही. खरंच आहे. तीन डबे ओढणारा ट्रक, म्हणजे इथली रोड ट्रेन, कुत्र्यासाठी थांबत नाही, तिला थांबताच येत नाही.

हा किल्पी. मेंढ्या वळायला घडवलेली जात. कालगुर्ली हे खाणींचं गाव, इथे मेंढ्या नाहीत, म्हणून ट्रक वळतो.

मागच्या अंगणाला कुंपण आहे, ते चढून जातो. पुढचं अंगण उघडं. घर खाणकंपनीचं, पुढे काही उभारायचं नाही अशी अट.

आई (सासूबाई) दुपारभर खिडकीशी होत्या. तो परत आल्यावर त्याच्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ काहीतरी सांगत बसल्या. बाबा (सासरे) गेले, आम्ही आईंना पुण्याहून इथे आणलं, तेव्हापासून आमच्याशी बोलणं कामापुरतं. मीठ, गोळी, दिवा लावला का. उरलेलं सगळं त्याच्याशी. त्यालाच जर काही

नको.

४ ऑगस्ट, सोमवार

नवऱ्याने, म्हणजे शिरीषने, तोडगा काढला. जमिनीखाली वायर पुरायची, घराभोवती पूर्ण वेढा. गॅरेजमधल्या डबीतून तिच्यात सिग्नल. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. वायरजवळ गेला की आधी बीप, तरीही पुढे गेला की झटका. त्यानंतर त्याने लक्ष्मणरेषेविषयीचा अपेक्षित विनोद केला. तो इथे लिहीत नाही.

लेकीला, ईशाला, फोन केला. दूर क्लेटनला uni मध्ये मानसशास्त्र शिकते, म्हणजे आमच्याकडे घरची न्यायाधीश आहे. "आई, दॅट्स सो क्रुएल. यू'ड नेव्हर डू दॅट टू मी." म्हटलं, तू हायवेवर ट्रक वळत नव्हतीस.

पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच डोक्यात. भीती दाखवून जीव वाचवायचा, हे बरोबर की फक्त सोयीचं?

शेजारच्या टेरीकडे दुसरा पर्याय आहे. त्याच्या भावाचं मेंढ्यांचं स्टेशन (म्हणजे अफाट कुरण) आहे, दिवसभराच्या अंतरावर. तिथे चांगला कुत्रा हवाच आहे. "He'd be in heaven, love." असेल. आईंना हे सांगितलेलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

रेंजरबाईंना विचारून घेतलं, इथे असं कुंपण चालतं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, म्हणून विचारलेलं बरं. व्हेटनेही रस्टीला तपासून होकार दिला. ती म्हणाली, फार भित्रा असता तर नाही म्हटलं असतं. झटक्याचं प्रमाण सगळ्यात खालच्या पायरीपासून. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जायला हवीत. रात्री पट्टा काढायचा, मानेवर कुठे लाल झालंय का रोज बघायचं. आणि हे कुंपण त्याला आत ठेवतं, दुसऱ्या कुणाला बाहेर ठेवत नाही.

शेवटचं वाक्य शि.ने तिच्या सूचनांच्या कागदावर दोनदा वाचलं. इथे साप आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

शनिवार-रविवार दोन्ही खणण्यात गेले. आधी जमिनीखाली कुठे काय आहे त्याचे नकाशे मागवले होते. बरं झालं, विजेची केबल नेमकी आम्हाला हवी तिथेच. वायर तिच्यापासून लांबून घेतली. समांतर गेली तर सिग्नल भरकटतो म्हणे.

लाल माती वरवर. दोन बोटं खाली दगड. खाणीत रोज डोंगर उडवणारा इंजिनिअर घराच्या अंगणात चार बोटांच्या चरासाठी घामाघूम. आई व्हरांड्यातून: "शिरीष, अरे तुझ्या ऑफिसातून एक सुरुंग का नाही आणत?"

बाबा गेल्यापासूनचा पहिला विनोद. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

शेवटी टेरी चर खणायचं यंत्र घेऊन आला. वायर गॅरेजपासून वेढ्यापर्यंत दुहेरी, पिळून न्यायची, म्हणजे तेवढ्या पट्ट्यात सिग्नल राहत नाही आणि कुत्रा तिथून मोकळा फिरू शकतो. जोड पाण्यापासून सुरक्षित, जेल भरलेल्या टोप्यांत. ड्राइव्हवेवर काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या फटीत वायर बसवली. मग पट्टा हातात धरून शि. स्वतः हद्दीकडे चालत गेला, बीप कुठे होतो ते पाहिलं, आणि तिथे तिथे मी पांढरे छोटे झेंडे रोवले. घर एखाद्या लहानशा राष्ट्रासारखं दिसतंय.

पत्रपेटी हद्दीच्या बाहेर गेली. रस्त्याच्या अगदी कडेला आहे ती.

१३ ऑगस्ट, बुधवार

शिकवणी सुरू. झटका बंद, फक्त बीप. साखळी वेगळ्या साध्या पट्ट्याला. झेंड्यापाशी नेलं, बीप झाला, की "चल मागे" म्हणत वळायचं आणि चिकनचा तुकडा. शि. वळवतो, मी तुकडे देते. आई ठरल्याप्रमाणे आत. (मांसाचा डबा फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात नको, एवढंच त्यांचं म्हणणं.)

विद्यार्थी हुशार आहे. पाठांतर चांगलं, अर्थाबद्दल शंका. मी शिकवायचे तेव्हा माझे बहुतेक विद्यार्थी असेच होते.

१७ ऑगस्ट, रविवार

आईंना बसवून सगळं नीट समजावलं. झेंड्यांच्या पलीकडून त्याला हाक मारायची नाही, खेळणं टाकायचं नाही. फिरायला नेताना पट्टा काढून, गाडीत बसवून हद्द ओलांडायची, म्हणजे त्याचा गोंधळ होत नाही.

"मी कशाला बाई हाका मारीन?" त्या म्हणाल्या. "मी आणि तो घरातच असतो."

खरंच होतं. मी मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज झालं ते लिहून ठेवते.

आई रोज तव्यावरची पहिली पोळी कुत्र्यासाठी काढतात. पुण्यात फाटकाबाहेर ठेवायच्या, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. घरातल्यांच्या आधी, घराच्या बाहेर, भुईवर. मी वर्गात वर्षानुवर्षं वैश्वदेव शिकवला, श्वानाचा भाग कुठे ठेवतात ते फळ्यावर लिहिलं, आणि पहिली पोळी नवऱ्याच्या डब्यात भरली. आई शिकवत नाहीत, ठेवतात. इथे फाटक नाही म्हणून पत्रपेटीच्या खांबाशी ठेवायच्या, तूप लावून, चार तुकडे करून. रस्टी मागोमाग जाऊन खायचा. शिकवणीच्या दिवसांत दुपारी त्याच्या गळ्यात पट्टा नसायचा. त्यामुळे हे चालूच राहिलं आणि आम्हाला दिसलंच नाही.

आज शि.ने पहिल्यांदा झटका चालू केला, सगळ्यात खालचा. सकाळी साखळीला धरून दोन वेळा दाखवलं. रस्टी दचकला, मागे वळला, शाबासकी मिळाली. म्हणून शि.ने ड्यूटीवर जाताना पट्टा तसाच ठेवला. मला सांगितलं. मी लायब्ररीत कामाला निघून गेले. आईंना कुणीच सांगितलं नाही. शि.ला वाटलं मी, मला वाटलं तो.

दुपारी आईंनी पोळी नेऊन ठेवली. तो ड्राइव्हवेपर्यंत धावला, बीप ऐकून थांबला. त्यांच्याकडे बघू लागला. त्या म्हणाल्या, "ये ना रे बाळा, गरम आहे."

तो गेला.

टेरीने रस्टीचं केकाटणं ऐकलं. तो पोचला तेव्हा रस्टी घराच्या मागे टाकीखाली शिरलेला आणि आई ड्राइव्हवेवर उभ्या, हात तसाच पुढे. मी घरी आले तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "मी बोलावलं म्हणून आला ना गं तो?"



२३ ऑगस्ट, शनिवार

मान तपासली. इजा काही नाही. व्हेटच्या नर्सशी बोलले. पट्टा काढा, काही दिवस काहीच शिकवू नका. मग पुन्हा पहिल्यापासून, फक्त बीप. ज्या माणसाला तो घाबरलाय त्याने मागे लागायचं नाही. बसायचं. त्याला येऊ द्यायचं.

आईंना सांगितलं. "म्हणजे मी त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही?"

"बोला की. फक्त बोलावू नका."

तो आमच्याकडे येतो. शि.च्या पायाशी लोळतो. आई खोलीत आल्या की उठतो, कडेकडेने बाहेर जातो. ज्यातून पोळी न्यायच्या त्या स्टीलच्या ताटाचा आवाज झाला तरी.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज चतुर्थी. बाबांना वर्ष व्हायचंय, म्हणून यंदा गणपती नाही. आईंनी तरी पोळ्या केल्या. पहिली बाजूला काढली, तूप लावलं, आणि मग ती हातात धरून ओट्याशी उभ्याच राहिल्या. कुठे ठेवायची तेच ठरेना. शेवटी झाकून ठेवली. संध्याकाळी ती मी खाल्ली. सांगितलं नाही.

दुपारी खाणीतला ब्लास्ट झाला, खिडक्या नेहमीसारख्या थरथरल्या. रस्टी नेहमी आईंच्या पलंगाखाली जातो. आज माझ्या टेबलाखाली आला. आईंनी दारातून पाहिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

जेवताना आई शि.ला: "माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून मिळेल का रे?"

शि.चा घास हातातच. "का गं? काय झालं?"

"काही नाही. घर बंद आहे तिकडे."

"आई, कुत्र्यापायी कुणी पुण्याला जातं का?"

"कुत्र्यापायी नाही." त्यांनी ताट पुढे सरकवलं. मग: "एवढ्या मोठ्या घरात मला बघून उठून जाणारा तो एक, आणि बाकीचे दिवसभर नसणारे तुम्ही."

शि. नंतर अंगणात जाऊन झेंडे सरळ करत होता. सगळे सरळच होते.

३१ ऑगस्ट, रविवार

ईशाचा व्हिडिओ कॉल. 'सांगितलं होतं ना' म्हणाली नाही, त्यामुळे ते जास्तच ऐकू आलं. आजीला मात्र शिकवत होती: "आजी, सरळ समोरून नको जाऊ. साइडने बस. डोळ्यांत नको बघूस, ही थिंक्स इट्स अ थ्रेट."

"म्हणजे नव्या सुनेसारखं," आई म्हणाल्या.

"व्हॉट?"

"काही नाही. येतं मला ते."

नंतर शि.शी भांडले. वायर काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, काढतो, मग टेरीच्या भावाला फोन तू करायचा. त्या रविवारी इथेच रेंजरची गाडी उभी होती ते विसरलीस का. मी विसरले नव्हते. दोन्ही बाजू माझ्याच होत्या, म्हणून भांडण लांबलं.

६ सप्टेंबर, शनिवार

शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. साखळी घ्यायला शि. उठला तर आई म्हणाल्या, "मी पण येते." जवळ नाही, आठ-दहा हात मागे, पदर खोचून. तो झेंड्याशी गेला, बीप झाला, शि. "चल मागे" म्हणाला, आणि मागे आईही वळल्या. अख्ख्या हद्दीभर असंच. टेरी कुंपणावरून बघत होता. "Is she learning it too?" म्हटलं, त्या आमच्याआधी शिकतील.

आत आल्यावर आई मला: "शास्त्रात बाहेर म्हणतात ते कुठपर्यंत गं?"

"म्हणजे?"

"कुत्र्याचा घास बाहेर ठेवायचा. पण बाहेर म्हणजे कुठे? फाटकाबाहेरच का?"

"घराच्या बाहेर, हद्दीच्या आत," मी म्हटलं.

"असं लिहिलंय कुठे?"

"कुठेच नाही."

"मग ठीक आहे," म्हणाल्या. तिकिटाविषयी शि.ने काही विचारलं नाही. त्यांनीही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पोळी आता व्हरांड्याच्या खालच्या पायरीशी. आई ठेवतात आणि आत येतात. तो त्या आत गेल्याशिवाय येत नाही. काल कावळ्याने आधी नेली. आई म्हणाल्या, "नेऊ दे, त्याचाही भाग असतोच."

पट्ट्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलंय, तिघांच्या अक्षरात. आज चालू की बंद, कुणी घातला, कुणी काढला. वर आईंनी 'श्री' काढलाय.

१४ सप्टेंबर, रविवार

रस्टी आज साखळीशिवाय अंगणात होता, पट्टा चालू. रस्त्यावरून रोड ट्रेन गेली. तो धावला, बीप झाला, थांबला, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत झेंड्याशी उभा राहिला. मग स्वतःहून वळला. शि. खूश. मलाही हायसं वाटलं. पण त्याचं ते उभं राहणं बघवलं नाही.

दुपारी आईंनी पोळी ठेवली आणि आज आत आल्या नाहीत. वरच्या पायरीवर अंगणाकडे पाठ करून बसल्या, गुडघे धरून, भिंतीकडे तोंड. भिंतीशीच बोलल्यासारखं काहीबाही सांगू लागल्या. डाळ शिजत नाही इथली. ईशा किती वाळलीय. बाबांना पोळीवर साखर लागायची. मी दारात उभी.

तो टाकीमागून निघाला. अंगणाच्या मध्यावर थांबला. नाक वर. पुन्हा दोन पावलं.

आईंचं बोलणं थांबलं. मान मात्र वळली नाही.

"खातोय का गं?"

तो पायरीपासून हातभर अंतरावर उभा होता. एकदा पोळीकडे बघत, एकदा त्यांच्या पाठीकडे.

"बोलत राहा," मी म्हटलं.