पाळीचा तुकडा

२४ ऑक्टोबर १८९१
पोहोचले! खोली लहान आहे, पण खिडकीतून एकीकडे किल्ल्याची तटबंदी दिसते आणि दुसरीकडे सेंत-ऑनोरीन चर्चचा मनोरा. घंटा वाजली की टेबलावरची सुरई थरथरते. चर्चची वस्त्रं रफू करायचं माझं काम. घरमालकीण मादाम लकुस्ते जुन्या घंटावाल्याच्या विधवा. माझे टाके निरखून म्हणाल्या, कुठल्या मठात शिकलीस गं पोरी? मी म्हटलं, शाळा पाहिलीच नाही. बाबांनी घरीच शिकवलं, आणि सगळ्यांत आधी शिकवलं ते खोटं न बोलायला. त्या हसल्या. म्हणाल्या, मग इथल्या बाजारात तू उपाशीच मरणार!

२८ ऑक्टोबर
दर रविवारी एका घरचा पाव चर्चमध्ये मंत्रून वाटतात, आणि त्यातला एक तुकडा पुढच्या घरी जातो. ज्याच्याकडे तुकडा, पुढचा पाव देण्याची पाळी त्याची. फक्त सर्व संतांच्या सणाला तो किल्ल्यातल्या जुन्या चर्चच्या चिणलेल्या दारापाशी ठेवतात. पूर्वी शत्रूच्या वेढ्यात धान्य पुरेना, तेव्हा आत आसऱ्याला आलेल्यांवर शहरानेच ते दार चिणलं. वर्षातून एकदा त्यांचा वाटा पोचला की ते मागायला येत नाहीत, असं मादाम कांदा चिरता चिरता सांगत होत्या. यंदा तुकडा मी न्यायचा. पाद्रीबुवांना त्या म्हणाल्या म्हणे, आमची पोर सोन्यासारखी आहे.

१ नोव्हेंबर
आदल्या रात्रीपासून उपास होता. किल्ल्याच्या दरवाजात शिपाई उभे. एक ओरडला, मादमोझेल, मेलेल्यांना लोणी पचत नाही, इकडे द्या! दुसरा म्हणाला, अरे, हीच खाईल, ओठ बघ हिचे. मी शरमून बुरुजामागे पळाले. लोणी घालून भाजलेला तुकडा अजून ऊबदार होता. नुसता कोपरा चाखायचा होता. मग हातात काहीच उरलं नाही.
घरी मादामनी विचारलं, ठेवलास ना नीट? मी हो म्हटलं. त्यांनी माझा मुका घेतला.

३ नोव्हेंबर
कालच्या पावाची एक बाजू कापलेली. आजच्याही. मादाम बेकरीत भांडायला गेल्या, तर बेकरीवाला म्हणाला, बाई, माझे पाव स्वतःला चावत नाहीत! सगळ्यांसमोर अख्खा पाव दिला. तो मीच घरी आणला. फडकं सोडलं तर धारदार सुरीने कापावा तसा. कापलेल्या जागी चुन्याचा वास.
सांगायला हवं.

५ नोव्हेंबर
पाद्रीबुवांपुढे गुडघे टेकून पापं कबूल केली. आळस सांगितला, हेवा सांगितला. तुकड्याचं सोडून सगळं. ते म्हणाले, एवढ्याशा गोष्टींना काय रडतेस, बाळ.
लाज वाटली. त्या लाजेचीही लाज वाटली.

६ नोव्हेंबर
मांजरीचा एक कान तसाच कापलेला. रक्त नाही. आतून पांढरा, मऊ, जाळीदार — पावासारखा. ती खुशाल दूध पीत होती.
मादाम पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, वाटा पोचला नाही. तू ठेवलास आणि त्या हलकट शिपायांनी गिळला, हो ना? मी मान हलवली.
मान हलवली मी.

८ नोव्हेंबर
चर्चमध्ये पावाच्या टोपलीवरचं फडकं काढलं तर आत चुन्याची ढेकळं. पाद्रीबुवा विचारत होते, पाळी कुणाची? सगळे एकमेकांकडे बघत होते. मी खाली.
मादाम किल्ल्यात निघाल्या आहेत. चिणलेल्या दारापाशी शपथ घेणार — आमच्या पोरीने तुकडा ठेवला होता, ती खोटी निघाली तर पाळी माझी. त्यांच्या शालीला टाचणी मीच लावली. तोंड उघडलं — मिटलं.

दुपार
आल्या. दार वाजवत नाहीत, खरवडतात. म्हणतात, पोरी, मी शपथ घेतली, आता तू सांग.
काचेवर त्यांचा हात. करंगळीच्या बाजूने सरळ कापलेला — रक्त नाही. पांढरा.
मागे रस्ता भरलाय. त्या दाराआडचे सगळे, चुन्याने माखलेले. पाव वाटताना थांबतात तसे थांबलेत.
खरं सांगितलं तर मादामना सोडतील. एकच वाक्य. तोंडून निघत नाही. लिहून काचेला लावते —
तुकडा मी ठेवला होता, शिपायांनी तो
नाही! माझा हात — मनगटापर्यंतच आता — नाही, थांबा, डाव्याने पुन्हा लिहिते, पुन्हा —
तुकडा मी खा