इस्त्रीची खोली

दि. ९ फेब्रुवारी

चि. बेबीस,

आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे, म्हणून लिहिणार होतो. पेन तिथंच थांबलं. ते राहू देत.

आज शाळेचं पत्र आलं. मनीला या सत्रापुरतं शाळेतून आणि वसतिगृहातून काढलं आहे, येऊन घेऊन जा, असं कळवलंय. कारण काय, तर वसतिगृहाच्या पर्यवेक्षिकेचा जबाब. पर्यवेक्षिका म्हणजे तू. तुझ्या वहिनीला ते वाक्य वाचून दाखवलं, तर तिला वाटलं मी चुकीचं वाचतोय. तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला.

तेरा वर्षांची पोर परक्या मुलखात पाठवायला ती तयार नव्हती. मीच तिला पटवलं होतं, की सख्खी आत्या तिथं आहे, डोळ्यांसमोर राहील. राहिली खरी डोळ्यांसमोर.

मनीनं फोनवर रडत रडत सांगितलं, की ती नुसती दाराशी उभी होती. त्या नव्या मुलीचा हात भाजला तो त्या उंच पोरीनं. दाराशी उभं राहणं हा गुन्हा कधीपासून झाला? तू नाव घेतलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं. कुत्रंसुद्धा घरच्या माणसावर भुंकत नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. जबाब मागं घेतलास एवढं एकच वाक्य उलट टपाली हवं. ख्यालीखुशाली नको.

तुझा (अजून तरी) दादा

दि. १७ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. माझा नमस्कार तुला नको असला तरी मी करणार. आईनं लावलेली सवय आहे.

फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू ओरडतोस आणि मग मीही ओरडते. कागदावर निदान वाक्य पुरं होतं.

काय झालं ते ऐक. ती नवी मुलगी दोन महिन्यांपूर्वी आली. इथली भाषा तिला धड येत नाही, म्हणून मुलींनी तिला 'मुकी' म्हणायला सुरुवात केली. हे नाव कुणी ठेवलं माहीत आहे? तुझ्या लेकीनं. गेल्या वर्षी स्वतः मनी जेवणाच्या खोलीत कोपऱ्यात बसून रडायची, कारण तिलाही बोलता येत नव्हतं. मी तिला एकदा बाजूला घेऊन समजावलं. तिनं मान डोलावली आणि बाहेर जाऊन मैत्रिणींना माझी नक्कल करून दाखवली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कपाटांच्या चाव्या लावत होते. इस्त्रीच्या खोलीतून किंकाळी आली. दार आतून कुणीतरी दाबून धरलं होतं. मी खांद्यानं ढकललं. दाराला पाठ लावून मनी उभी. उंच मुलीच्या हातात इस्त्री. आणि नवी मुलगी टेबलाखाली बसलेली, तळहात पोटाशी धरून. तळहाताची कातडी वर आली होती, दादा. मी तिचा हात नळाखाली धरला तेव्हा ती रडलीसुद्धा नाही, दात वाजत होते नुसते.

उंच मुलगी म्हणत राहिली, की तिनं इस्त्री फक्त काढून घेतली. असं सगळेच म्हणतात. तिला कायमचं काढलं.

मुख्य बाईंनी मला आत बोलावून सुचवलं, की मनी माझी भाची आहे हे त्यांना ठाऊक आहे, दाराशी कोण होतं हे मी लिहिलं नाही तरी चालेल. मी लिहिलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्याच्यानं झालं नाही. जबाब मागं घेणार नाही.

वहिनीला नमस्कार. मनीला न्यायला येशील तेव्हा माझ्याकडे जेवून जा.

बेबी

दि. ४ मार्च

बेबीस,

मनीला आणून सहा दिवस झाले. तुझ्याकडे जेवलो नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मला घास गिळवला नसता. शाळेच्या ऑफिसात तू समोर उभी होतीस आणि मनीची बॅग उचलायला पुढं झालीस. मी तुझा हात बाजूला केला. त्याची मला लाज वाटत नाही.

तुला स्वतःचं मूल असतं तर हे तुझ्या हातून झालं नसतं. दुसऱ्यांच्या चाळीस पोरींच्या चाव्या कमरेला लावून कुणी आई होत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

मनी खोलीबाहेर येत नाही. शेजारच्यांना आम्ही कावीळ सांगितली आहे. वहिनी माझ्याशी बोलत नाही, कारण मुलगी पाठवायचा हट्ट माझा होता. घरात तीन माणसं आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. हे सगळं तुझ्या एका सहीनं केलं.

मे महिन्यात घरी येणार होतीस, ते रद्द कर. तुझी ट्रंक माळ्यावर आहे, ती कुणाबरोबर तरी पाठवून देईन. पत्राला उत्तर नको.

दादा

दि. १२ मार्च

ती. दादास,

उत्तर नको म्हणालास, म्हणून लिहिते आहे.

मूल नाही हे तू मला सांगायला नको होतंस. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्याबरोबर तू आला होतास, दुसरं कुणी नाही. त्या दिवशी जे बोलला होतास ते तुझ्या लक्षात नसेल. माझ्या आहे, आणि ते मी इथं लिहिणार नाही.

माझंही इथं काही फार बरं चाललेलं नाही. माझ्या खोलीच्या कुलपात च्युइंगगम कोंबलेलं असतं. मी जेवायला बसले की पोरी टेबलं बदलतात. त्यांच्या मते मी घरच्याच माणसाचा गळा कापला. मुख्य बाई नमस्कार घेत नाहीत. एवढ्या बाबतीत तुमचं सगळ्यांचं एकमत आहे.

नव्या मुलीचा हात भरत आलाय. मूठ अजून पुरती वळत नाही.

तरीही मी पाहिलं तेच लिहिलं. त्यातला एक शब्द बदलणार नाही. ट्रंक ठेव किंवा भंगारात दे.

बेबी

दि. २९ मार्च

बेबीस,

तुला शब्द बदलावा लागेल.

गेल्या रविवारी मनी जेवायला बाहेर आली. वहिनी परकराला इस्त्री करत होती. मनीनं ते पाहिलं आणि ती तिथंच दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. आम्हाला वाटलं चक्कर आली. मग तिनं सांगितलं. इस्त्री तिच्या हातात होती. नव्या मुलीनं तिला काहीतरी उलट म्हटलं, तिथली भाषा आता तिला येऊ लागली होती म्हणे, आणि ती उंच पोर हसली, तीही मनीला. मनीनं तिचा हात टेबलावर दाबला. उंच पोरीनं इस्त्री हिसकावून घेतली. तेवढ्यात तुझी पावलं वाजली आणि मनीनं धावत जाऊन दार धरलं.

म्हणजे जिनं सोडवलं तिला तुम्ही कायमची काढलीत. तू पाहिलंस ते पाहिलंस, पण त्या पोरीचं ऐकलं नाहीस. असं सगळेच म्हणतात, असं तूच लिहिलं आहेस. ती ओळ मी मनीसमोर वाचली नाही.

मी मनीला म्हणालो, हे आपल्या तिघांतच राहील. ती म्हणाली, आत्याला कळवा. मी म्हणालो, आत्याला कळवलं तर तुझी ती शाळा कायमची संपली, कदाचित इथली कुठली शाळाही घेणार नाही. ती म्हणाली, माहीत आहे. वहिनीनं इस्त्रीची वायर काढली, गुंडाळली आणि मला म्हणाली, की तुम्ही लिहिलं नाहीत तर मी लिहीन. महिन्याभरात ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

तरी मी आठवडा काढला. कागद घ्यायचा, ठेवायचा. आपलं पोर ते आपलं पोर, हे मला अजूनही वाटतं, आणि तू जे केलंस ते मी विसरलेलो नाही. मे महिन्याचं जे लिहिलं तेही मागं घेत नाही.

हे वाचून तू काय करशील ते मला पक्कं ठाऊक आहे. पत्र खाली ठेवून चप्पल घालशील आणि मुख्य बाईंच्या दारात जाशील. त्या उंच पोरीच्या घरचा पत्ता काढशील.

हे ठाऊक असून पाकीट चिकटवतो आहे.

मनीचा तुला नमस्कार. तिनं सांगितला म्हणून लिहिला.

दादा