ओमुरझाक आजोबांची दुआ आणि बारा फोन

कोश-बुलाक, २५ एप्रिल

आदरणीय सारिबाय मामा,

धाकट्या बहिणीच्या मुलाचा, तिलेकचा, उजवा हात छातीवर ठेवून सलाम. गुरं कशी आहेत, माणसं कशी आहेत? करड्या घोडीचा खूर बरा झाला का? मामींचा दमा? तुमचा गुडघा? (क्रमाबद्दल रागावू नका. गुडघ्याचं आधी विचारलं की तुम्ही उत्तरात दोन पानं गुडघाच लिहिता, असं आईचं म्हणणं.) आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर बायको, नुरझामाल, माझ्याशी कालपासून बोलत नाही, आणि हे पत्र मी मेंढ्यांच्या कलकलाटात लिहितोय. त्याचं कारण पुढे येईलच.

मी शहरातली नोकरी सोडून गावी आलो ते एक ॲप करायला, हे तुम्हाला आईने रडत रडत कळवलंच असेल. ॲप साधं आहे. आपल्याकडे गावच्या मेंढ्या रोज एकेका घराने पाळीपाळीने चारायला न्यायच्या, त्या पाळीची वही आजवर बुरुल काकूंकडे असायची. वहीत पानं कमी आणि भांडणं जास्त. माझं ॲप आदल्या संध्याकाळी ज्याची पाळी त्याच्या फोनवर सांगतं, की बाबा रे, उद्या तू. बारा मेला खालच्या पाच गावांची सभा आहे. त्या दिवशी ॲप दुकानात लागलेलं असलं तर पाचही गावं ते घेणार. नसलं तर मला बिश्केकला जाऊन मेहुण्याच्या, एर्मेकच्या, बाजारातल्या कंटेनर-दुकानात मोजे विकायचे आहेत. ही अट नुरझामालची. एर्मेकने माझ्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलंय, त्याचा फोटो पाठवला.

आता ॲपचं दुकान म्हणजे काही आपल्या किराणावाल्यासारखं नाही, की नेलं आणि फळीवर ठेवलं. त्यांचा नियम असा, की आधी बारा माणसांनी सलग चौदा दिवस ते ॲप फोनमध्ये ठेवायचं, वापरायचं आणि त्यातल्या चुका सांगायच्या. मध्येच एकाने जरी काढून टाकलं तरी मोजणी पुन्हा एकपासून. बारा माणसं मी एका बारशाच्या जेवणात गोळा केली, तोंडात घास असताना कोणी नाही म्हणत नाही. पण चुका सांगायला एक तयार होईल तर शपथ! कोणाच्या घरी जाऊन रश्शात मीठ कमी आहे असं आपल्यात कोण म्हणतं? मी विचारायचो, काही अडलं का? उत्तरं यायची ती अशी की तुझे हात सलामत राहोत, तुझ्या घरी मुलंबाळं वाढोत. बुरुल काकूंनी मात्र धीर करून लिहिलं, की हिरवं बटण चालत नाही, पण असू दे, आमच्या ह्यांचंही हल्ली कुठे काय चालतं.

बटण दुरुस्त केलं तर चौथ्या दिवशी दोघे गळले. ॲपमध्ये करण्यासारखं काही नाही म्हणे. मी डोक्याला हात लावून बसलो, आणि तेवढ्यात समोरच्या घरी जेवणावळ चाललेली दिसली. तीन तास झाले, मंडळींचे पाय आखडले, पण उठत कोणी नव्हतं. का? तर ओमुरझाक आजोबा अजून बसलेले. गावात सगळ्यांत म्हातारे, वय एकोणऐंशी, माझ्या बारांतलेच एक. त्यांनी तळवे उघडून दुआ म्हणेपर्यंत जेवणाच्या दस्तरखानावरून कोणाची उठायची छाती नाही. मला एकदम उजेड पडला. दुसऱ्या दिवशी आजोबांना पहिला परीक्षक केलं आणि गावात सांगून टाकलं, की ही चाचणी म्हणजे आजोबांचं दस्तरखान आहे.

मामा, काय सांगू, एकही जण हलला नाही! गळलेले दोघेही परत आले आणि उशीर झाला म्हणून माफी मागून गेले. आता अकरा जणांची चिंताच मिटली, रमवायचं ते फक्त आजोबांना. त्यांना ॲपमधल्या घोड्याचं चित्र आवडलं, तर बोट लावलं की घोडा खिंकाळेल असं करून दिलं. (त्यांची घोडी दोन दिवस फोनकडे बघून दावं तोडत होती.) मग म्हणाले, ॲप उघडल्यावर आधी त्याने मला सलाम करायला हवा. केलं. मग म्हणाले, यादीत माझं नाव मध्येच कसं, मानाची जागा कुठाय? तर सगळ्यांच्या फोनवर आजोबांचा फोटो सगळ्यात वर आला, आणि खाली बाकीचे वयाप्रमाणे. इथे बुरुल काकू बिनसल्या. त्यांना जागा सत्तरीची हवी होती आणि वय पन्नाशीचं. शेवटी त्यांच्या नावापुढे वयाऐवजी ट्यूलिप काढलं. पण गंमत म्हणजे फोटो बघायला का होईना, लोक रोज ॲप उघडत होते, पाळी बघत होते, आणि बुरुल काकूंनी वही चुलीत घातली. मला भरून आलं होतं.

नव्या मोजणीचा तेरावा दिवस उजाडला. मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तो त्या सकाळी. वाटलं, बिचारे इतके टिकले, दोन गोड शब्द पाठवावेत. सगळ्यांना संदेश गेला. मोठ्या अक्षरांत 'मनापासून आभार', बारीक अक्षरांत 'उद्या शेवटचा दिवस', आणि खाली शोभेला दोन उघड्या तळव्यांचं चित्र.

आजोबांचा चष्मा घरात होता. त्यांना दिसले ते आभार आणि तळवे. यजमान आभार मानतोय आणि तळवे उघडलेले आहेत, म्हणजे जेवण संपलं, उठायला पाहिजे. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना आवाजी संदेश धाडला, "तिलेकच्या ॲपला चार पाय फुटोत, त्याला दरसाल जुळी होवोत, लांडगा त्याच्या वाटेला न जावो. ओमीन!"

इतकी सुंदर दुआ मी जन्मात ऐकली नव्हती. दुआ झाल्यावर बसून राहणं म्हणजे हावरटपणा, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पंधरा मिनिटांत बाराच्या बारा जण ॲप काढून उठले. आणि मामा, तुमच्यापासून काय लपवायचं? मीही तोंडावरून हात फिरवून ओमीन म्हटलं आणि माझ्या फोनवरूनही ॲप काढलं. हात आपोआप गेला.

आजोबा संध्याकाळी आले, दारातच टोपी चुरगाळत उभे राहिले. म्हणाले, "दिलेली दुआ मला परत घेता येत नाही रे. माझ्याहून म्हातारा कोणी बसला, तर त्याच्या खालच्या अंगाला मी पुन्हा बसेन." तेव्हापासून मी विचार करतोय. असो. मामींना आणि घोडीला सलाम सांगा.

तुमचा भाचा,
तिलेक

ता.क. मामा, तुम्हाला यंदा ब्याऐंशी पूर्ण ना?

ता.क. २. सत्तावीसच्या सकाळपर्यंत पोचाल असे निघा. हे पत्र आणणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरने तुमच्यासाठी पुढची सीट धरून ठेवली आहे. फोन माझा, बोटही लागलं तर माझं, तुम्ही फक्त चौदा दिवस मानाच्या जागी बसायचं. जन्माचा दाखला सोबत आणा. आजोबांचा तुमच्यावर विश्वास आहे, पण दाखला बघणार म्हणाले.

ता.क. ३. मेंढ्यांचं राहिलं. वही आधीच चुलीत आणि कालपासून ॲप फोनबाहेर, तेव्हा आज पाळी कोणाची हे गावात कोणालाच सांगता येईना. सकाळी सगळ्यांनी आपापल्या मेंढ्या आणून माझ्या अंगणात सोडल्या आणि म्हणाले, तुझं ॲप परत येईपर्यंत तू सांभाळ. तीनशे बारा आहेत. नुरझामाल त्यांतून वाट काढत आत्ता चहा ठेवून गेली. बोलली नाही, पण एर्मेकला फोनवर सांगताना ऐकलं, की ते स्टूल दुसऱ्या कोणाला दे.

ता.क. ४. एवढं मोठं काम सांगून पत्रात कुठेही तुमचे आभार मानलेले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दामच मानले नाहीत. अकरा मेपर्यंत मानणारही नाही. आणि कोणाचंही पत्र वाचून झालं की तळवे उघडायची तुम्हाला सवय आहे, हे आई सांगते. मामा, पाया पडतो, हात खिशात ठेवा.