एका जागी उभी सोंड

प्रिय जोलीन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. मी वादळांच्या संशोधनाच्या तुकडीतच आहे, मोजयंत्रांची गाडी चालवतो. शाळा अर्धवट सोडली, पण कॅन्ससचे कच्चे रस्ते मला पाठ आहेत, म्हणून तुकडीच्या प्रमुख डॉ. हॅडली मलाच पुढे धाडतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वादळाची ढगातून जमिनीवर उतरलेली सोंड डावी-उजवीकडे सरकत असेल तर भिऊ नकोस. एका जागी उभी राहून नुसती जाड होत असेल, तर ती तुझ्याकडेच येते आहे.

मंगळवारी ती आपल्या गावाशेजारी उतरली. लिंबाएवढ्या गारांनी आमची पुढची काच फोडली. विजेचे खांब एकामागून एक मोडत होते. कुंपणाच्या तारांत एक गाय उलटी अडकली होती, जिवंत. रस्त्यात यंत्र ठेवून आम्ही मागे पळत होतो, तेवढ्यात पप्पांचा फोन. नेहमीसारखे ओसरीवर उभे असणार, बिअर घेऊन. "काय शास्त्रज्ञसाहेब, कुठे भटकताय? तुमचं वादळ इथं माझ्या गव्हामागे उभंय. हलत नाही मेलं, नुसतं फुगतंय."

मी किंचाळलो, "पप्पा, हलत नाही म्हणजे तुमच्यावरच येतंय! तळघरात जा!" "ओरडू नकोस, बहिरा नाही मी. शेजारच्या उनरूह आजीला घेतो आणि जातो." मग पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि फोन मुका झाला. मी न विचारता गाडी घराकडे वळवली. शेजारी बसलेल्या डॉ. हॅडली एवढंच म्हणाल्या, "चालव. यंत्रं गेली खड्ड्यात."

घर नाही, जोलीन. ओसरी नाही. झाडांची सालं सोलून निघालेली. पप्पा नाल्यात पालथे सापडले, अंगावर कपडा नाही, कमरेत कुंपणाचं लाकूड घुसलेलं. अंगणातल्या तळघराचं दार उचकटलं, तर आत उनरूह आजी धडधाकट, रडत शिव्या घालत होती, "त्या गाढवाला म्हटलं, ये, माझ्या मांडीवर बस! तर म्हणतो, काकू, तुमची मांडी मोडेल. आणि वरून दार लावलं!"

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू घर सोडून गेलीस तेव्हा तुझं सगळं सामान जाळलं, असं पप्पा गावभर सांगत होते. जाळलं नव्हतं. तळघर छतापर्यंत भरलेलं होतं. तुझा पलंग, सायकल, शिवणयंत्र, जत्रेतल्या स्पर्धेत तुझ्या कोंबड्यांनी जिंकलेल्या बक्षिसाच्या फिती, खोक्यांवर खोकी. आत एकाच माणसापुरती जागा उरली होती. मी तुला दोष देत नाही. हे वाक्य तीनदा खोडून पुन्हा लिहिलं, तेव्हा ते तसंच वाच. पप्पा विचिटाच्या इस्पितळात आहेत. पाय परत चालणार नाहीत. तुझं नाव ते घेत नाहीत. पण शुद्धीवर आले की नर्सला, डॉक्टरांना, मला, दिसेल त्याला विचारतात, "खोक्यांत पाणी शिरलं का?" मी नाही म्हणतो. त्यांना पटत नाही. तू ये आणि सांग.

तुझी वाट बघणारा, तुझाच भाऊ
एल्डन