सरळ पंखांचं जेट

तीर्थस्वरूप काकांना,

पाटीवाल्या पुतण्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत कळ आली, तरी नमस्कार अर्धवट सोडलेला नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत. मीही आहे, पण कालपासून. त्याआधीचे आठ दिवस कसे गेले ते सांगायलाच कागद पुढे ओढलाय.

विमानविद्या शिकवणाऱ्या एका संस्थेची नवी इमारत झाली आणि खोल्यांवरच्या पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे आलं. 'प्रयोगशाळा'मधला 'यो' इतका झोकात उतरला की प्राचार्य खूश झाले. म्हणाले, आता समोरच्या मोठ्या भिंतीवर प्रवासी जेट विमान काढा, वरून दिसतं तसं, पंख पसरलेलं. सोमवारी उद्घाटन आहे. नमुन्याला फोटो देऊ का, असंही त्यांनी विचारलं. इथे माझी जीभ घसरली. म्हणालो, फोटो कशाला, माझं लहानपण विमानांच्या सावलीत गेलंय! तसं ते खोटं नव्हतं. पिकांवर औषध फवारणारी विमानं तुम्ही दुरुस्त करायचात, आणि सुट्टीत मी त्यांच्या पंखाखाली बसून डबा खायचो. तो पंख मला अजून पाठ आहे. मी भिंतीवर तोच काढला. नाक टोकदार, शेपूट रुबाबदार, दोन भलीमोठी जेट इंजिनं, आणि दोन्ही बाजूंना इस्त्रीच्या फळीसारखे सरळसोट पंख.

शिडीवरून उतरून कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात विद्यार्थ्यांचा घोळका आला. एक मुलगी म्हणाली, "पेंटर, जेटचे पंख मागे झुकलेले असतात ना? हे सरळ कसे?"

आता चार लोकांत माघार घ्यायची आपल्या घराण्यात पद्धत नाही. मी म्हणालो, "हे विमान उभं आहे. उडालं की वाऱ्याने जातील मागे."

काका, पोरं हसून हसून जिन्यावर बसली. हसल्या नाहीत त्या एकट्या त्यांच्या मास्तरीणबाई. मला म्हणाल्या, "चला बाहेर. तो डबाही घ्या." मागच्या अंगणात सामान चढवायला सिमेंटचा उतार आहे. त्यावरून आधी मला सरळ वर चढायला लावलं, रंगाच्या डब्यासकट. धाप लागली. मग म्हणाल्या, आता तिरके चढा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे. चढलो. गंमत अशी, की चढ तोच, पण पायांना सौम्य लागला. (तिसऱ्या खेपेला डब्यासह खाली आलो. उतार अजून निळा आहे.)

मी रंग पुसत असताना त्यांनी सांगितलं. जेट जवळजवळ आवाजाच्या वेगाने जातं. पंखाच्या पाठीवरून जाणाऱ्या हवेला तर त्याहून घाई करावी लागते, आणि काही जागी ती आवाजालाही मागे टाकते. मग पुढे ती एकदम अडखळते, तिथे धक्क्याची लाट उभी राहते, विमानाला मागे ओढणारा जोर भसकन वाढतो, पंख थरथरतो आणि इंधन भराभर संपतं. पंख मागे झुकवला की वारा त्याच्या कडेला तिरका लागतो. त्यातला कडेवर काटकोनात येणारा भाग तेवढा पंखाला जाणवतो. उरलेला कडेकडेने निसटून जातो. विमान तेवढ्याच वेगाने जातं, पण पंखाला वाटतं आपण सावकाश चाललोय. "आणि फवारणीचं विमान?" मी विचारलं. म्हणाल्या, "ते हळू उडतं. त्याला सरळ पंखच बरा, कमी वेगात चांगलं उचलून धरतो. झुकलेल्या पंखांचं तिथेच अडतं, म्हणून उतरताना जेटला पुढून-मागून जास्तीच्या पट्ट्या बाहेर काढाव्या लागतात."

काका, पंचेचाळीस वर्षांत मला एवढं कुणी नीट समजावलं नव्हतं. तडक जाऊन प्राचार्यांसमोर, सगळ्यांच्या देखत, मान ताठ ठेवून चूक कबूल केली. ते म्हणाले, सोमवारपर्यंत सुधारा, नाहीतर भिंत पांढरी करा.

सुधारायला घेतलं. जुन्या पंखांवर आभाळ फासलं, नवे झुकते पंख काढले. रंग वाळला तसे जुने पंख हळूहळू वर उमटले. चार पंखांचं जेट! विद्यार्थी म्हणाले, फडफडतंय. आणखी दोन हात दिले, तरी ते हटेनात. शेवटी रविवारी वैतागून मी त्यांच्यावर ढग काढले. फळीसारखे सरळ ढग, अगदी समोरासमोर. उद्घाटनाच्या प्रमुख पाहुण्या स्वतः वैमानिक होत्या. त्या भिंतीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "असे ढग मी खरंच पाहिलेत." टाळ्या पडल्या. भिंत वाचली.

काकूला नमस्कार सांगा.

तुमचा,
पाटीवाला

ता. क. चूक कबूल केली असं वर लिहिलंय. कोणाची, ते लिहायचं राहिलं. मी म्हणालो, नमुना माझ्या काकांनी काढून दिला. तीस वर्षं विमानं दुरुस्त केलेल्या माणसापुढे मी काय बोलणार?

ता. ता. क. प्राचार्य रागावले नाहीत. उलट म्हणाले, असा विमानांवर हात बसलेला माणूस आमच्या मुलांना हवाच. आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येतील का? मी तुमच्या वतीने हो म्हणून मोकळा झालो. घरात बसून तुम्ही काकूचं शिलाई यंत्र तीनदा खोललंत, तिचीही सुटका होईल. फक्त तो नमुना तुमचाच होता, एवढं म्हणा. पत्र एवढ्यासाठीच.

शेवटचं. पत्र टपालाने पाठवलेलं नाही. ज्यांनी ते आत्ता तुमच्या हातात दिलं आणि जे समोर बसून तुमच्या चेहऱ्याकडे बघताहेत, तेच प्राचार्य. हसू नका. मान हलवा आणि म्हणा, "हो, आठवतंय."