अण्णांसाठी घड्याळ

आई, काल राजाजीनगरच्या दुकानात जाऊन अण्णांसाठी घड्याळ घेतलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण अण्णांना आता ते आठवत नाही. मी त्यांची मुलगी आहे हे बहुतेक वेळा कळतं. तू घड्याळांच्या कारखान्यात कामाला गेली आहेस आणि संध्याकाळच्या बसने परत येशील, एवढंच त्यांनी धरून ठेवलंय. सकाळपासून रिकामं मनगट चाचपत विचारतात, "किती वाजले गं? तिची बस यायची झाली का?" सुरुवातीला मी खरं सांगितलं. ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे भिंतीला धरून खाली बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. मग मी सांगणं सोडलं.

दुकानदाराने दोन घड्याळं समोर ठेवली. एक पातळ, चामड्याच्या पट्ट्याचं, बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ. स्वस्त, पण देखणं. दुसरं जाडजूड, स्टीलचं, खेळाडूंच्या हातात असतं तसं ऑटोमॅटिक. अण्णा तरुणपणी असलंच घालायचे, म्हणून माझा हात आधी त्याच्याकडे गेला. "अक्का, हे हाताच्या हालचालीवर चालतं," दुकानदार म्हणाला. "तुमचे वडील दिवसभर खुर्चीत असतात म्हणता, मग हे मध्येच थांबणार." आई, ते ऐकून मला क्षणभर बरंच वाटलं. घड्याळ दुपारीच थांबलं तर तुझ्या बसची वेळ होणारच नाही. अण्णा वाट बघत राहतील, पण तू आली नाहीस असं त्यांना कधी वाटणार नाही. तेच बांधून द्या, असं मी म्हणणारही होते.

मग तू आठवलीस, माझ्या लहानपणीच्या त्या सकाळची. तुझी बस चुकू नये म्हणून अण्णांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ गुपचूप पुढे करून ठेवलंय. डबा भरता भरता तुझ्या ते लक्षात येतं आणि तू पळी हातात घेऊनच वळतेस. "दिवसभर मान मोडून लोकांची घड्याळं जुळवते मी. माझ्या घरात खोटी वेळ चालायची नाही!" अण्णा ओशाळून "सरी, सरी, बरं बाई" म्हणत स्टुलावर चढतात, काटा मागे घेतात. त्या सगळ्यात तुझी बस खरंच चुकते. अण्णा तुला स्कूटरवरून सोडायला जातात आणि जाताना तुम्ही दोघंही हसत असता.

मी क्वार्ट्झच घेतलं. हलकं आहे, त्यांच्या बारीक झालेल्या मनगटाला जड होत नाही. आज संध्याकाळी त्यात वेळ बघून अण्णा उठले, चप्पल घालून फाटकाशी जाऊन उभे राहिले. मीही गेले. पीण्या औद्योगिक वसाहतीकडून येणारी कुठल्याशा कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबली, काही बायका उतरल्या, बस निघून गेली. अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओव्हरटाइम असेल," मी म्हटलं.

"मग कळवायचं तरी," ते पुटपुटले. आत वळताना म्हणाले, "तिचा भात झाकून ठेव हं."

ठेवलाय, आई. हा कागद कुठे पाठवायचा नाही, उशीखाली ठेवीन. पण तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? त्या बायका उतरत होत्या तेव्हा, शेवटची उतरेपर्यंत, मीही बसच्या दाराकडे बघत होते.